केळीच्या खांबात चार मेणबत्त्या

वडील रेल्वेत गार्ड होते. त्यांची काळी लोखंडी लाइन बॉक्स आमच्या भुसावळच्या घरात अजून पलंगाखाली आहे. वर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव, एक कडी वाकडी. पूर्वी आत लाल-हिरवे झेंडे, कंदील आणि जेवणाचा डबा असायचा. आता उघडलीत तर हे सापडेल: मातीच्या बैलांची जोडी, बाभळीच्या काट्यांनी भरलेली काड्यापेटी, बरणीत वाळवलेली गोकर्णाची फुलं, पऱ्हाटीच्या कोळशाच्या कांड्या, फाडलेल्या धोतराचा तुकडा आणि मागच्या झावळ्यांच्या रविवारची शिंदीची वाळकी पानं. बैल सोडले तर यातलं काहीच विकतचं नाही. मंडळीचं, म्हणजे चर्चचं, अख्खं वर्ष त्या पेटीत मावतं.

मी शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली आणि रविवारी संडे स्कूल घेतलं. मुलांच्या आया दर वर्षी तेच विचारतात, "बाई, पोरं कुटुंबप्रार्थनेला बसतच नाहीत, काय करू?" पोरं बसत नाहीत कारण हात रिकामे असतात. मोठ्यांचंही तेच होतं, फक्त आपण डोळे मिटून ते लपवतो. हाताला काम द्या, तोंड आपोआप शांत होतं, आणि मग वचन ऐकू येतं. ते काम कुठून आणायचं, तर ज्या महिन्यात जे शेतात, नाल्यावर, परसात आहे त्यातून. नाताळला कापसाचा बर्फ करू नका. खान्देशात बर्फ फक्त उसाच्या रसाच्या गाड्यावर पडतो.

आधी कॅलेंडर. मंडळीचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपासून, सुरू होतं. 30 नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार हा आगमनकाळाचा पहिला रविवार. 2026 साली तो 29 नोव्हेंबरला येतो. नाताळ ठरलेला आहे. ईस्टर मात्र सरकतो, आणि तो शोधायला बहुतेक वर्षी भिंतीवरचं आपलं मराठी कॅलेंडर पुरतं. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा बघा; तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमाच रविवारी आली तर त्याच्या पुढचा. कधी ती होळीची पौर्णिमा असते, बहुतेक वेळा हनुमान जयंतीची. 2024 साली होळी 24 मार्चला होती आणि ईस्टर 31 मार्चला. 2026 साली हनुमान जयंती 2 एप्रिलला आणि ईस्टर 5 एप्रिलला. ईस्टरपासून 46 दिवस मागे गेलात की राखेचा बुधवार. मधले सहा रविवार वगळले की लेंटचे, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, चाळीस दिवस उरतात. ईस्टर धरून पन्नासावा दिवस पेंटेकॉस्ट, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस. दर वर्षी मुलांकडून हे मोजून घ्या आणि तारखांवर रंगीत ठिपके द्यायला लावा: आगमनकाळ आणि लेंट जांभळा, नाताळ आणि ईस्टर पांढरा, पेंटेकॉस्ट लाल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) काळा, बाकी सगळं हिरवं. रंगावरून काळ ओळखायची सवय आमच्या घराला रेल्वेनं आधीच लावली होती.

आगमनकाळ

चार रविवार, चार मेणबत्त्या. त्या लावायला बाजारात प्लास्टिकच्या पानांचं हिरवं चक्र मिळतं. ते घेऊ नका म्हणते, पण का ते आधी ऐका. हे चक्र ज्यानं पहिल्यांदा केलं तो योहान विखर्न जर्मनीत हॅम्बुर्गला गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचा. "नाताळ कधी?" हे मुलं रोज विचारून भंडावायची म्हणून 1839 साली त्यानं गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रोजची एक छोटी, रविवारची मोठी. म्हणजे हाताशी जे होतं ते त्यानं घेतलं. माझ्या हाताशी केळी आहे. इथून रावेर, यावल, सावदा, फैजपूर, जिकडे जाल तिकडे केळीच.

घड कापल्यावर बागेत खांब पडलेले असतात, शेतकरी पैसे घेत नाही. दोन वीत लांबीचा तुकडा घ्या. उभा चिरा, म्हणजे एक बाजू सपाट होईल. ती खाली ठेवली की तो लोळत नाही. वरच्या गोल बाजूला मेणबत्तीच्या जाडीची चार भोकं चाकूच्या टोकानं कोरा. हाताला आणि चाकूला आधी खोबरेल तेल लावा आणि जुने कपडे घाला. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही. माझ्या एका चांगल्या साडीच्या पदरावर 2011 पासून आहे. खांब परातीत ठेवा. आतून तो ओला असतो, त्यामुळे मेणबत्ती खालपर्यंत जळली तरी पेट घेत नाही. सुकून वास यायला लागला की बदला, साधारण आठवड्यानं. म्हणजे दर रविवारी नवा खांब, आणि दर रविवारी कोणाच्या तरी बागेत चक्कर. माझ्या मते ती चक्करसुद्धा उपासनेतच धरावी.

मेणबत्त्या पांढऱ्याच घ्या. रंग चिंध्यांनी द्यायचा: सुती पांढऱ्या चिंध्या, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, बाभळीच्या काट्यानं प्रत्येक भोकाखाली टोचायच्या. जांभळ्यासाठी गोकर्णाची दहा-बारा निळी फुलं अर्धा कप कढत पाण्यात टाका. पाणी शाईसारखं निळं होईल. मग मुलांना जवळ बोलवा, कारण पुढचं बघण्यासारखं असतं: लिंबाचे दोन-तीन थेंब टाकले की निळ्याचं जांभळं होतं, आणखी पिळलं की गुलाबी. दोन्ही रंग एकाच कपातून. हा रंग कच्चा आहे, उन्हात उडतो, महिनाभर कसाबसा टिकतो. महिनाभरच हवा आहे. फुलं जास्त असतील तर सावलीत वाळवून ठेवा, लेंटमध्ये फूल मिळत नाही.

काटे फेकू नका. काड्यापेटीत भरा, उत्तम शुक्रवारी लागतील.

आता या खांबाची खरी गोष्ट. आगमनकाळात यशयाचा अकरावा अध्याय वाचतात: इशायाच्या बुंधाला धुमारा फुटेल. इशाय म्हणजे दावीद राजाचा बाप, त्याच्याच वंशात येशू. युरोपात या वचनावरून इशायाचं झाड काढायची जुनी रीत आहे. फ्रान्समध्ये शार्त्रच्या चर्चला बाराव्या शतकातली तशी रंगीत काचेची खिडकी आहे. झोपलेला इशाय, त्याच्यातून निघालेलं झाड, फांद्यांवर राजे, शेंड्याला येशू. मी हे कित्येक वर्षं पिंपळासारखं झाड काढून शिकवत होते. मग एकदा संडे स्कूलमधला एक मुलगा, बाप केळीच्या बागेत मजूर, फळ्याकडे बघून म्हणाला, "बाई, हे पील आहे ना?" मला कळेना. म्हणाला, "घड कापला की झाड कापतात. मग बाजूनं पील येतं. त्याचीच पिलबाग."

त्या दिवसापासून आमच्याकडे इशायाचं झाड म्हणजे केळ. जाड कागदावर कापलेला बुंधा काढायचा, गोल चकत्या दिसतात तसा, आणि बाजूनं गुंडाळलेलं एकच कोवळं पान. एवढंच. मग 1 डिसेंबरपासून रोज एक छोटी वस्तू करून त्याच्या भोवती चिकटवायची किंवा टांगायची. उत्पत्तीपासून बेथलेहेमपर्यंत एकेक गोष्ट, रात्रीच्या जेवणाआधी वाचायची. नोहाचं तारू शेंगदाण्याच्या टरफलाचं. याकोबाची शिडी पऱ्हाटीच्या काड्यांची. योसेफाचा झगा गोधडीच्या उरलेल्या तुकड्यांचा. रूथसाठी बाजरीचं खरं कणीस. कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचणं काय असतं ते इथल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. दावीदाची गोफण सुतळीची. वस्तू बोटभर हवी, सुबक नको. सुबक करायला गेलात की तुम्ही करता आणि पोरं बघतात.

नाताळ

गव्हाणीसाठी, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्यासाठी, दोन गोष्टी सांगते, बाकी तुम्हाला येतं.

पहिली, बैल नाताळला शोधू नका, पोळ्याला घ्या. पोळ्याच्या बाजारात कुंभाराकडे मातीचे बैल मिळतात. डिसेंबरात प्लास्टिकची परदेशी गुरं मिळतात, त्यांना वशिंडसुद्धा नसतं. गव्हाणीचा देखावा 1223 साली इटलीत ग्रेचो गावी संत फ्रान्सिसनं केला तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं होतं. आपण निदान आपला बैल उभा करू. मेंढ्या कापसाच्या करा, बोंडातून निघालेल्या, सरकीसकट. सरकीचे काळे दाणे डोळ्यांसारखे दिसतात.

दुसरी, भिंत. थर्मोकोल नको. काळी माती, थोडा भुसा, पाणी. घट्ट मळून पुठ्ठ्यावर बोटभर थर द्या आणि दोन दिवस सावलीत वाळू द्या. भुसा नसेल तर तडे जातात. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांखाली असाच माती-भुश्याचा गिलावा आहे. जळगावहून साठेक किलोमीटरवर ते आहे, आणि आपण रंगासाठी दुकानात जातो! शाळेची सहल न्यायचे तेव्हा मुलांना सांगायचे, आधी मुख्य रंग मोजा: गेरूचा लाल, पिवळी माती, काजळी, चुन्याचा पांढरा. तेवढ्या चार रंगांत गव्हाणीची भिंत रंगवा. गेरू आणि चुना किराणा दुकानात मिळतो, काजळी दिव्यावर वाटी धरून. पाण्यात थोडा डिंक घातला की रंग धरतो.

मरीयेला लुगडं नेसवा. कोणी नाक मुरडलं तर त्यांना आन्जेलो दा फोन्सेका हे नाव सांगा. जन्म 1902, गोव्याचे, अवनींद्रनाथ टागोरांचे शिष्य, आणि आयुष्याचा मोठा काळ पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून चित्रं काढत होते. त्यांची मरीया साडीतली, सावळी. स्वतःच्याच माणसांकडून त्यांनी यासाठी बोल खाल्ले. त्यांच्या मानानं आपल्याला फारच कमी खावे लागतील.

6 जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाला, म्हणजे ताऱ्यामागून आलेले ज्ञानी लोक बाळ येशूला भेटले त्या दिवशी, दारात तारा काढा. रांगोळीचा. "रांगोळी आपली नाही" असं सांगणारे मंडळीत भेटतात, मलाही भेटले, एकदा तर उपासनेनंतर पायरीवर उभं करून. रांगोळी म्हणजे दगडाची पूड आहे, ती कोणाचीच नाही. पण एक पथ्य मी पाळते: क्रूस जमिनीवर काढत नाही. त्यावर पाय पडतो, आणि कोणाच्या तरी मनाला ते लागतं. तारा काढा, उंट काढा, वाटेच्या रेघा काढा. क्रूस भिंतीवर.

लेंट: चाळीस काळी चित्रं

फेब्रुवारीत कापसाची शेवटची वेचणी होऊन शेतकरी पऱ्हाट्या उपटतात. बांधावर ढीग लागतात, चुलीसाठी. त्यातल्या पेन्सिलीएवढ्या जाड, सरळ काड्या निवडा. साल काढा, वीतभर तुकडे करा. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, रबर-प्लास्टिक काही नको. काड्या गच्च भरा, झाकणाला खिळ्यानं एकच भोक पाडा, आणि डबा चुलीच्या निखाऱ्यात ठेवा. भोकातून धूर येईल, आधी पांढरा आणि दाट, मग विरळ. पूर्ण थांबला की डबा चिमट्यानं बाहेर काढा, भोकावर ओली माती थापा, आणि सकाळपर्यंत हात लावू नका.

हे "सकाळपर्यंत" महत्त्वाचं आहे. पहिल्या वर्षी मला धीर निघाला नाही. तासाभरानं झाकण उघडलं, आत हवा गेली आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळ्या काड्या लाल होऊन बसल्या. चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "व माय, हाई काय शे?" राख होती. नेमका राखेचा बुधवार होता, त्यामुळे वाया काही गेलं नाही.

राखेचं म्हणाल तर रीत अशी की मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून ती करायची. लोखंडी तव्यावर जाळा, मलमलच्या कपड्यातून गाळा, कपाळाला लावायची तर त्यात तेलाचा थेंब मिसळा, पाणी नको. पाण्यात कालवलेली राख कातडीला झोंबते. आमच्यासारख्या बऱ्याच मंडळ्यांत कपाळाला राख लावत नाहीत. तुमच्याकडे नसेल तर त्या राखेत बोट बुडवून पहिल्या कागदावर ठसा उमटवा. आपण माती आहोत हे वाचायचं आणि अंगठा टेकवायचा.

मग रोज एक कागद, तळहाताएवढा. पाठकोरे कागद चालतात. माझे निम्मे जुन्या प्रश्नपत्रिकांच्या मागे आहेत. पद्धत सांगते. त्या दिवसाचा शास्त्रपाठ तीनदा वाचा. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा मोठ्यानं, आणि कुठल्या शब्दाशी अडखळलात ते बघा. तिसऱ्यांदा त्यातली एक वस्तू शोधा: घागर, दगड, चप्पल, जाळं, भाकर. तीच काढा. माणसं काढू नका, चेहरे काढू नका, येशूचा तर अजिबात नको. चेहरा आला की आपण "जमला का" बघत बसतो. खोडरबर नाही. पाच मिनिटं. मग कागदाच्या खाली एक ओळ प्रार्थना, आणि दोन मिनिटं काही नाही. बाराव्या शतकात गुइगो नावाच्या फ्रेंच मठवासीयानं वचन वाचायची चार पायऱ्यांची शिडी लिहून ठेवली आहे, वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवासमोर असणं. मी मनन आणि प्रार्थना यांच्यामध्ये एक कोळशाची कांडी घातली, इतकंच.

ती एक ओळ घरच्या बोलीत लिहा. माझी आई चर्चमध्ये उभी राहिली की "हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी येतो" असं पुस्तकी बोलायची, आवाजही बदलायचा. चुलीपाशी मात्र म्हणायची, "देवा, पोरेस्वर ध्यान ठेवजो." दुसरी प्रार्थना मला आयुष्यभर पुरली आहे. अहिराणी, लेवा बोली, मावची, भिलोरी, जी असेल ती. शुद्धलेखन कोण तपासणार आहे?

चाळीसपैकी वीस झाली तरी पुष्कळ. सुटलेल्या दिवसाचा कागद कोरा ठेवून भिंतीवर लावा. मी लावते. त्या कोऱ्या कागदांवरून माझा मार्च कसा गेला ते नीट दिसतं.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्यांसाठी आपल्याकडे नारळ नाही, शिंदी आहे, नाल्याच्या काठानं. देठापाशी काटे असतात, मुलांना तोडायला पाठवू नका. एका पानाची पट्टी दुमडून क्रूस होतो. तो पुढच्या राखेसाठी पेटीत. त्याच दिवशी एका मातीच्या ताटलीत माती घालून गहू पेरा, घटस्थापनेला पेरतात तसे दाट, आणि टोपलीखाली झाका. योहानाच्या बाराव्या अध्यायातला, मातीत पडून मेला तरच पीक देणारा दाणा. रोज पाणी शिंपडा, पण टोपली उचलून बघत बसू नका. मुलं बघतातच.

उत्तम शुक्रवार

बारा ते तीनची उपासना असते, येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांची. एप्रिलचं ऊन, पंखे गरम हवा फिरवतात, पोरं कंटाळतात, मोठे पेंगतात. तिथलं तिथे सोडा. हे सांगते ते संध्याकाळी घरी करायचं.

काळ्या मातीचा ओला गोळा पाटावर ठेवा. काड्यापेटीतले सात काटे काढा, तेच, ज्यांनी आगमनकाळात रंगीत चिंध्या धरल्या होत्या. एकानं एकेक उद्गार वाचायचा, दुसऱ्यानं एक काटा मातीत खोचायचा. बोलायचं नाही.

सातव्यानंतर कापड. पहिल्या वेळी मी आजोबांचं जुनं धोतर घेतलं होतं, धुवून धुवून मऊ झालेलं. वरच्या काठाला कात्रीनं नखभर चीर द्यायची, कारण काठ हातानं फाटत नाही. दोघांनी दोन बाजू धरायच्या. मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय, पवित्रस्थानातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, एवढंच वाक्य वाचायचं आणि ओढायचं. सुती कापड लांब फाटताना जो आवाज येतो तो बंद खोलीत फार मोठा वाटतो. आधी चर्र, मग मध्येच अडकतं, हात थांबतात, पुन्हा जोर लावावा लागतो. माझी धाकटी भाची त्या अडकलेल्या जागी म्हणाली, "राहू द्या ना." आम्ही राहू दिलं नाही. त्या रात्री तिनं जेवताना एक शब्द काढला नाही, आणि मला वाटलं, पोरीला उगीच घाबरवलं. पुढच्या वर्षी धोतर काढायच्या आधीच ती कात्री घेऊन आली होती.

तुकडे ठेवा. शनिवारी रात्री त्यातल्या दोन पट्ट्या वळून जाड वाती करा, तेलात भिजवा. ईस्टरला पहाटे अंधारात घरातले सगळे दिवे बंद, आणि त्या फाटक्या कापडाच्या वातीवर पहिला दिवा. तोच दिवा धरून टोपली उचला. आठवडाभर झाकलेला गहू फिकट पिवळा, चार बोटं वाढलेला असतो. दोन दिवस उजेडात ठेवला की हिरवा होतो. चॉकलेटच्या अंड्यांबद्दल विचारू नका, आमच्या गावात ती दुकानातून घरी येईपर्यंत सूप होतात.

लाल, मग हिरवं

पेंटेकॉस्टला काहीच करावं लागत नाही. मे संपत आलेला, पारा पंचेचाळिशीला, सगळं करपलेलं, आणि त्यात रस्त्याच्या कडेला गुलमोहर पेटलेला. सकाळी मुलांना घेऊन जा, खाली पडलेल्या पाकळ्या टोपलीभर आणा, पांढऱ्या चादरीवर वाऱ्याच्या झोतासारख्या पसरा. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय, वाऱ्याचा आणि अग्नीच्या जिभांचा, उभ्यानं वाचा. वारा आला तर उत्तम. आला नाही तर तीन तासांत पाकळ्या सुकतात, तेही बघू द्या.

मग हिरवे दिवस, जवळजवळ निम्मं वर्ष. मंडळीच्या कॅलेंडरात पेंटेकॉस्टनंतर मोठे सण नाहीसे होतात आणि आपल्याकडे मृगाची वाट सुरू होते. कपाशी लावली जाते, रानं हिरवी होतात, चर्चमधलं वेदीचं कापडही हिरवं. या काळासाठी माझ्याकडे एकच काम आहे, गोधडी.

वर्षभराच्या चिंध्या इथे लागतात. विटलेल्या जांभळ्या पट्ट्या, धोतराचा उरलेला भाग, कोणाच्या तरी लग्नातलं पांढरं, जुन्या लाल लुगड्याचा काठ, आणि बाकी सगळं हिरवं, जे मिळेल ते. दोन जुनी लुगडी एकमेकांवर अंथरून मोठाले कच्चे टाके घाला, म्हणजे सरकत नाहीत. वर तुकडे वर्षाच्या क्रमानं लावा. मग कडेनं सुरुवात करून आत आत धावदोरा. माझा नियम असा: एक दोरा, एक माणूस. सुईत दोरा ओवताना नाव घ्यायचं, आणि तो दोरा संपेपर्यंत त्याच माणसासाठी प्रार्थना. शब्द संपतात, दोरा संपत नाही. मग नुसतं शिवत राहायचं. गाठ मारली की नाव सोडून द्यायचं. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्यासाठी दोरा मुद्दाम लांब घेऊन बघा. माझ्या गोधडीत असा एक दोरा आहे, हिरव्यावर काळा, थोडा वाकडा गेलेला. उसवून सरळ करावा असं पुष्कळदा मनात आलं.

दुपारी वीज गेली की शिवते, दिवसाला दोन-तीन दोरे. पोळ्यापर्यंत निम्मी होते. पोळ्याला सुई बाजूला ठेवून बाजारात जायचं आणि बैलांची जोडी बघायची. रंगवलेले घेऊ नका, कच्च्या मातीचे घ्या, गेरू आपण लावू. घरी आणल्यावर आधी शिंगं तुटतात, मग कान. पाय सहसा शाबूत राहतात. कापसात गुंडाळा, जोडी पेटीत खालच्या बाजूला ठेवा, आणि वर काट्यांची काड्यापेटी ठेवू नका.